राखेची वाटी, चांदीचा मणी

सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या मध्ये एक डोंगररांग आडवी पसरली आहे. जर्मन बाजूला तिला एर्झगेबिर्ग म्हणतात, चेक बाजूला क्रुश्ने होरी. सर्वांत उंच शिखर क्लिनोवेत्स, तेही अवघं 1244 मीटरचं. पण या डोंगरांच्या पोटात चांदी होती. तिच्या मागे लागून माणसांनी बाराव्या शतकापासून हे डोंगर आतून पोखरले, खाणींच्या तोंडाशी गावं वसवली, टांकसाळी उभारल्या. 2019 मध्ये युनेस्कोने दोन्ही देशांतल्या मिळून 22 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या भागात लोक हिवाळ्यात बर्फावर घसरायला जातात, नाताळच्या लाकडी खेळण्यांसाठी जातात. मी गेलो एका भांड्याच्या मागावर. त्याचं नाव क्युपेल. रुंदीला तीन-चार सेंटिमीटर, वर उथळ खळगा, रंग पांढुरका. जाळलेल्या हाडांच्या राखेपासून हे भांडं बनवतात. एकदा वापरलं की टाकून द्यायचं. मात्र दगडात चांदी किती, नाण्यात खोट किती, याचा निवाडा शतकानुशतकं याच भांड्यात होत आला आहे.

ही ओढ घरची आहे. मी विट्याच्या बाजूचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुणाचा काका कोलकात्याला, कुणाचा मेहुणा केरळात, कुणाचा भाऊ दिल्लीत. गलाई, मूस, टंच, तेजाब हे शब्द आमच्याकडे पोरांच्या कानावर शाळेआधी पडतात. त्यामुळे युरोपातली गलाईची जुनी गावं बघायची, हे मनात कधीचं होतं.

फ्रायबर्ग: जिथे ही विद्या शिकवली जाते

ड्रेस्डेनहून फ्रायबर्गला रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. 1168 मध्ये इथे चांदी सापडली आणि त्या चांदीवरच हे शहर वाढलं. जुन्या शहराच्या अरुंद दगडी रस्त्यांवरून फिरताना कुठल्या ना कुठल्या दारावर, खांबावर खाणकामगाराची आकृती दिसते. कॅथीड्रलमध्ये तर एक प्रवचनपीठच खाणकामगाराच्या मूर्तीने खांद्यावर तोललेलं आहे.

फ्रायबर्गची खरी मिरास म्हणजे इथली बेर्गअकाडेमी. 1765 मध्ये स्थापन झालेलं हे खाणविद्यापीठ आजही चालू आहे, आणि आज चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं आहे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट इथे शिकला. विद्यापीठ स्थापन होण्याआधीही रशियाचा लोमोनोसोव्ह 1739 मध्ये इथे योहान हेंकेल यांच्याकडे खाणकाम आणि धातुपरीक्षा शिकायला आला होता. इंडियम हे मूलद्रव्य 1863 मध्ये आणि जर्मेनियम 1886 मध्ये याच गावात सापडलं. चांदी शोधता शोधता माणसाने पदार्थाचं तपशीलवार परीक्षण करायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढचं रसायनशास्त्र घडलं. फ्रायबर्गमध्ये ही गोष्ट पदोपदी पटते.

मला इथे विशेष आठवण झाली ती कार्ल फ्रीडरिश प्लॅटनर यांची. खाणीवर, डोंगरावर, जिथे मोठी भट्टी नेता येत नाही तिथे परीक्षा कशी करायची, याचं शास्त्र त्यांनी बसवलं. 1835 साली त्यावर ग्रंथ लिहिला. तोंडाने फुंकायची पितळी फुंकणी, दिव्याची ज्योत आणि हाडांच्या राखेचं चिमुकलं क्युपेल, एवढ्यावर ते चांदीचं प्रमाण काढत. शेवटी उरणारा मणी इतका बारीक असे की तराजूला तो कळत नसे. मग दोन रेषा एका टोकाला जवळ येत जाणाऱ्या मोजपट्टीवर तो ठेवायचा, भिंगातून बघायचं, आणि मणी दोन्ही रेषांना जिथे टेकेल तिथला आकडा वाचायचा. व्यासावरून वजन. साधनं इतकी कमी आणि काम इतकं काटेकोर, हे बघून हात आपोआप जोडले जातात.

वाटीत नेमकं काय होतं

हे काम होताना मी आधी आपल्याकडेच पाहिलं होतं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका हॉलमार्किंग केंद्रात. सोन्याच्या दागिन्यावर आज 916 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असते. 2021 पासून टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली आहे. तिच्यामागे जी अग्निपरीक्षा आहे, ती याच वाटीत होते.

दागिन्यातून काढलेला बारीक तुकडा अचूक तोलतात. सोन्याच्या सुमारे अडीच पट चांदी त्यात घालतात आणि सगळं शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. भट्टीत क्युपेल आधीच लालबुंद तापवून ठेवलेलं असतं. तापमान हजार अंशांच्या आसपास. पुडी आत पडते आणि बघता बघता वितळून खळग्यात गोल होऊन बसते. भट्टीचं दार किंचित उघडं ठेवतात, कारण आत हवा जायला हवी. हवेतल्या ऑक्सिजनशी शिशाचा संयोग होऊन मुरदाडशिंग तयार होतं. तांब्यासारखी हलकी धातूही त्याबरोबर जळून त्यात विरघळते. हे वितळलेलं मुरदाडशिंग वाटीच्या छिद्रांतून आत झिरपतं. सोनं-चांदी मात्र अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी वाटीला न भिजवता वरच राहते. सगळा खेळ या दोन स्वभावांचा आहे: एक द्रव राखेत शिरतो, दुसरा शिरत नाही.

म्हणून तर हाडांची राख. साध्या मातीच्या भांड्यात सिलिका असते. मुरदाडशिंग तिच्याशी लगट करून काच बनवतं, छिद्रं बुजतात आणि भांडंही खाल्लं जातं. हाडांच्या राखेत मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट असतं. ते मुरदाडशिंगाला दाद देत नाही, फक्त पोटात घेतं. चांगलं क्युपेल जवळजवळ आपल्या वजनाइतकं मुरदाडशिंग शोषतं. आता बहुतेक ठिकाणी मॅग्नेशियाची क्युपेलं वापरतात, पण तत्त्व तेच.

शेवटचा क्षण बघण्यासारखा असतो. शिसं संपत येतं तसा मणी झळकू लागतो, त्याच्या अंगावरून रंगांचे पातळ पापुद्रे सरकतात, आणि शिशाचा शेवटचा पडदा फाटताच तो एकदम लखकन चमकून स्थिर होतो. इथे घाई करून चालत नाही. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन भरपूर पिऊन बसलेली असते. मणी चटकन थंड केला तर तो ऑक्सिजन उसळून बाहेर पडतो आणि चांदीचे कण उडवतो. परीक्षा तिथेच फसते. म्हणून क्युपेल हळूहळू दाराकडे सरकवत आणतात. मग मण्यावर हातोडा मारून तो चपटा करायचा, पट्टी लाटायची, तिची गुंडाळी करून नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी विरघळून जाते, सोनं उरतं. ते धुऊन, तापवून पुन्हा तोलायचं. आधीचं आणि नंतरचं वजन, बस्स. क्ष-किरणांचं यंत्र काही सेकंदांत आकडा दाखवतं, पण ते पृष्ठभाग वाचतं. वाद निर्माण झाला की अखेरचा शब्द आजही आगीचाच.

अन्नाबर्ग: वेदीच्या पाठीमागचं चित्र

फ्रायबर्गहून नैऋत्येला डोंगरात शिरलं की अन्नाबर्ग लागतं. इथल्या सेंट आन चर्चमध्ये एक वेदी आहे. समोरून ती इतर वेद्यांसारखीच, पण तिच्या मागच्या बाजूला जायला विसरू नका. 1521 मध्ये हान्स हेसे या चित्रकाराने तिथे या प्रदेशाचं जगणंच रंगवलं आहे. डोंगरात शिडीवरून उतरणारे लोक, धातुक धुणाऱ्या बाया, भट्टी आणि नाणी पाडणारे कारागीर, सगळं एकाच दृश्यात. देवाच्या पाठीशी कष्टकऱ्यांना अशी जागा देणारं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

याच गावात हिशेबाची पुस्तकं लिहून जर्मन घराघरांत पोचलेला आडाम रीस खाणखात्याचा हिशेबनीस होता. आणि याच गावात 1528 च्या सुमारास लाझारुस एर्कर जन्मला. क्युपेलबद्दल ज्याचं बोट धरावं असा हा माणूस. त्याची आणि आपली भेट पुढे कुत्ना होरामध्ये होईल.

अन्नाबर्गहून सीमा ओलांडायची तर क्रान्त्साल स्थानकावर अरुंद रुळांची वाफेची गाडी पकडावी. 1897 पासून ती ओबरविझेनथालपर्यंत धावते आहे. झाडीतून धापा टाकत चढणाऱ्या या गाडीत बसलं की धुराचा वास कपड्यांना लागतो, पण पुढच्या गावांची गोष्ट ऐकायला तोच वास योग्य. ओबरविझेनथालच्या पलीकडे चेक हद्दीत बोझी दार हे हजार मीटरवरचं गाव, आणि तिथून रस्ता खाली उतरतो तो याखिमोवला.

याखिमोव: वैद्य आणि भट्टी

याखिमोव म्हणजे जुनं सांक्ट योआखिम्सथाल. 1516 मध्ये वसलेलं हे गाव वीसेक वर्षांत बोहेमियातल्या मोठ्या शहरांत जाऊन बसलं. इथल्या चांदीची जाड नाणी थालर म्हणून युरोपभर चालली आणि आजच्या डॉलरचं नाव त्यांच्यावरूनच आलं. पुढे चांदी सरली. ज्या काळ्या दगडाकडे खाणकामगार दुर्लक्ष करत, त्याच्या अवशेषांतून मेरी क्युरी यांनी रेडियम शोधलं. आज एका खाणीतलं किरणोत्सारी पाणी इथल्या आरोग्यस्नानगृहांना पुरवतात. एका दरीतल्या एका रस्त्याच्या गावाने एवढा इतिहास पाहिला आहे.

मी थांबलो तो जुन्या टांकसाळीत. ही इमारत आता संग्रहालय आहे. 1527 मध्ये या गावात एक तरुण वैद्य आला, गेओर्ग आग्रिकोला. रोगी तपासता तपासता तो खाणीत उतरे, भट्ट्यांजवळ उभा राही, मिस्त्र्यांना प्रश्न विचारी. त्याच्या आयुष्यभराच्या निरीक्षणांचं फळ म्हणजे 'दे रे मेतालिका' हा बारा भागांचा लॅटिन ग्रंथ. तो 1556 मध्ये बासलला छापून आला तेव्हा आग्रिकोला नुकताच वारला होता. सातवा भाग पूर्णपणे धातुपरीक्षेचा: भट्टी कशी बांधावी, राख कशी धुवावी, क्युपेल कसं ठोकावं, तराजू वाऱ्यापासून कसा जपावा. 1912 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं हर्बर्ट आणि लू हूवर या खाणतज्ज्ञ दांपत्याने. हे हूवर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

दहाव्या भागातल्या एका चित्रापुढे मी बराच वेळ थांबलो. इथे क्युपेल म्हणजे वाटी नव्हे, राखेने लिंपलेली भलीमोठी चूल. भात्यांचा वारा आत शिरतो आहे, मुरदाडशिंग कडेने ओघळून बाहेर येतं आहे, आणि भट्टीचा मुख्य मिस्त्री बाजूला बसून लोणी खातो आहे. भट्टीतून निघणारं विष बाधू नये म्हणून लोणी खायचं, असं आग्रिकोलाने लिहून ठेवलं आहे. शिशाची वाफ माणसाला मारते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उपाय तेवढा ठाऊक नव्हता.

गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असं मनापासून सांगणारी माणसं मी आपल्याकडे पाहिली आहेत. लोणी असो की गूळ, शिसं आणि आम्लाची वाफ त्याने अडत नाही. त्यासाठी भट्टीवर धुराडं लागतं, पंखा लागतो, तोंडावर योग्य मुखवटा लागतो. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचं ते चित्र बघून मला आमच्या भागातले दमेकरी म्हातारे आठवले. सोनं शुद्ध करणाऱ्या माणसाच्या छातीची किंमत सोन्याच्या भावात कधीच धरलेली नसते.

कुत्ना होरा: नाण्याची शपथ

प्रागहून पूर्वेला तासाभराच्या रेल्वेप्रवासावर कुत्ना होरा आहे. मुख्य स्थानक सेडलेकच्या बाजूला आहे. बहुतेक प्रवासी तिथलं मानवी हाडांनी सजवलेलं स्मशानमंदिर बघतात आणि परततात. तसं करू नका. स्थानकावरून छोटी गाडी गावात जाते, आणि खरं कुत्ना होरा तिथे आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इथे चांदीच्या शिरा सापडल्या. 1300 मध्ये राजा दुसरा वेंसेस्लास याने खाणींचा कायदा केला, इटलीतून जाणकार बोलावले आणि प्राग ग्रोशेन हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. ती टांकसाळ ज्या वाड्यात होती तो व्लाश्स्की द्वूर, म्हणजे इटालियन वाडा, आजही उभा आहे. टांकसाळ 1726 पर्यंत चालली. आत नाणं पाडण्याचं प्रात्यक्षिक दाखवतात. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चकती आणि हातोड्याचा घाव. तो आवाज ऐकताना लक्षात येतं की घाव घालणारा हात शेवटचा असतो. त्याआधी कुणीतरी राखेच्या वाटीत चांदी जोखलेली असते. आपल्या गावगाड्यात पोतदार नाणं पारखत असे. इथे ते काम राजाने नेमलेल्या परीक्षकाचं होतं. त्याचा आकडा चुकला तर राजाचा शब्द खोटा ठरे.

एर्कर इथेच टांकसाळीत परीक्षक होता. 1574 मध्ये प्रागमध्ये त्याचा धातुपरीक्षेवरचा जर्मन ग्रंथ छापला गेला. लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराला हातात धरून काम करता येईल असं ते पुस्तक आहे. क्युपेल बनवण्याची त्या काळची रीत अशी: लाकडाची राख पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तिच्यातला क्षार काढून टाकायचा. क्षार राहिला तर वाटी तडकते किंवा वितळते. त्या राखेत जाळून कुटलेली हाडं मिसळायची. मिश्रण एवढंच ओलवायचं की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, हाताला चिकटू नये. मग ते पितळी साच्यात भरायचं. साच्याच्या खालच्या कड्याला कारागीर जोगीण म्हणत आणि वरून ठोकायच्या ठशाला जोगी. पहिला ठोका दिल्यावर खळग्यावर वासराच्या कवटीच्या हाडांची वस्त्रगाळ राख भुरभुरवायची आणि दुसरा ठोका द्यायचा. मण्याला टेकणारा पृष्ठभाग असा गुळगुळीत झाला की चांदीचा कणही खाचेत अडकत नाही. वाट्या सावलीत सुकवायच्या. जितक्या जुन्या, तितक्या चांगल्या. ओल राहिली तर वाफ होऊन धातू उडते.

गावातल्या ह्रादेक या जुन्या वास्तूत चांदीचं संग्रहालय आहे. तिथून वाटाड्याबरोबर मध्ययुगीन खाणीत उतरता येतं. जुन्या खाणकामगारांसारखा पांढरा डगला, डोक्यावर टोप, हातात दिवा. काही ठिकाणी खांदे भिंतींना घासतात, मान वाकवूनच चालावं लागतं. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर वरचं दालनच बघा. खाण बघून सेंट बार्बरा चर्चकडे जावं. 1388 मध्ये सुरू झालेलं हे खाणकामगारांचं देऊळ 1905 मध्ये पुरं झालं. आत टांकसाळीतल्या लोकांची भित्तिचित्रं आहेत, आणि पांढऱ्या डगल्यातला एक खाणकामगार हातात दिवा घेऊन उभा आहे.

आपलं घराणं

ही विद्या युरोपची एकट्याची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदी चौथा हिस्सा शिसं घालून शोधावी असं सांगितलं आहे. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रावरच्या ग्रंथात खापरीत राख आणि चुना यांची पाळ करून, त्यात चांदी आणि तेवढंच शिसं घालून, शिसं संपेपर्यंत फुंकत राहण्याची कृती आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फझलने अकबराच्या टांकसाळीतली रीत दिली आहे: जमिनीत खड्डा, त्यात बाभळीची राख भरून ओलवून केलेलं ताट, आणि त्यात शिशासह चांदी. सॅक्सनीत बीच वृक्षाची राख, आग्र्याला बाभळीची. तत्त्व दोन्हीकडे एकच.

फरक पुढे पडला. फ्रायबर्ग, अन्नाबर्ग, याखिमोव, कुत्ना होरा या गावांनी आपली विद्या लिहून ठेवली, चित्रांत उतरवली, आणि चांदी संपल्यावरही साधनं जपली. आपल्याकडे विद्या हातात राहिली. विटा, आटपाडी, तासगाव या भागातल्या गलाईवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीच्या रंगावरून ताव ओळखला, झारेकऱ्यांनी सोनारांच्या पेढीवरच्या कचऱ्यातून सोनं वेचलं, हुपरीच्या कारागिरांनी चांदीला देशभर नाव मिळवून दिलं. या ज्ञानाचा मोठा भाग कुठे लिहिलेला नाही, आणि यंत्रं येतील तसतशी तो माहीत असलेली माणसं कमी होत जातील.

म्हणून विनंती आहे. तुमच्या घरात, नात्यात कोणी गलाई केलेली असेल, तर त्याच्याकडून कामाची रीत ऐकून घ्या, लिहून ठेवा, ध्वनिमुद्रित करा. जुना साचा, फुटकी मूस, वापरलेली चिमटी भंगारात देऊ नका. आणि विट्यात किंवा हुपरीत या व्यवसायाचं नीटस संग्रहालय व्हावं, यासाठी गलाई बांधवांच्या संघटनांनी आणि नगरपालिकांनी पुढाकार घ्यावा. कुत्ना होरासारखं लहान गाव हे करू शकतं, तर आपणही करू शकतो.